‘जरा ठळक करा’ : अक्षररचना आणि ग्राहकाचा अभिप्राय

(शासकीय प्रकाशनांचे काम पाहणारे अधिकारी आणि चित्रकार यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘अक्षररचना आणि ग्राहकाचा अभिप्राय’ असा छापला आहे. वरवर पाहता हा विषय चित्रकारांचा वाटेल. परंतु तो तितकाच आपणा माहिती अधिकाऱ्यांचाही आहे, कारण या व्यवहारात ग्राहकाच्या खुर्चीवर बहुतेक वेळा आपणच बसलेले असतो. चित्रकार भित्तिपत्रकाचा आराखडा घेऊन येतो. आपण तो हातभर अंतरावर धरतो, मान किंचित तिरपी करतो आणि ठरलेला अभिप्राय देतो : ‘जरा ठळक करा.’ फारच विचार केला तर ‘थोडा उठाव येऊ द्या’ असेही म्हणतो. चित्रकार ‘हो’ म्हणून परत जातो. दोन दिवसांनी ठळक केलेला आराखडा येतो आणि तोही आपल्याला पसंत पडत नाही. का पसंत नाही, हे मात्र आपल्यालाही सांगता येत नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. अक्षर रेखण्याची कला माझ्या हाती नाही. अक्षरे काढणारे आणि ती काढून घेणारे या दोहोंच्या मध्ये बसण्याचे काम मात्र बरीच वर्षे वाट्याला आले आहे. त्या जागेवरून मला जे दिसले ते एवढेच की, ग्राहक ‘ठळक करा’ म्हणतो तेव्हा तो आपली अडचण सांगत नसतो, उपाय सांगत असतो. त्यामागची अडचण बहुधा खरी असते. तिच्याकडे दुर्लक्ष करणारा चित्रकार कितीही गुणी असला तरी त्याचे काम फसते. पण ग्राहकाने सुचविलेला उपाय बरोबर असतोच असे नाही. पुष्कळदा तो अडचण वाढवणारा असतो. हे केवळ तर्काने पटणारे नाही. म्हणून एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. ते आपल्या देशातले नाही, आणि ज्या वस्तूविषयी आहे ती वस्तूही आता घरोघरी राहिलेली नाही. ती म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी.

आपल्यापैकी तरुण मंडळींनी ती कदाचित पाहिलीही नसेल. विटेएवढी जाड, पातळ कागदाची, बारीक अक्षरांनी खच्चून भरलेली. अमेरिकेतील न्यू हेवन या गावी २१ फेब्रुवारी १८७८ रोजी निघालेली पहिली सूची एका कागदावर मावली होती. त्यात अवघी पन्नास नावे होती आणि क्रमांक मुळीच नव्हते. ऑपरेटरला नाव सांगितले की काम भागे. पुढे नावे लाखांनी वाढली आणि ही सूची छापणे हा स्वतंत्र उद्योगच झाला. एटी अँड टी या कंपनीच्या सूचींसाठी चान्सी ग्रिफिथ यांनी १९३८ च्या सुमारास ‘बेल गॉथिक’ नावाचा टाइप तयार केला. तो लायनोटाइप यंत्रावर शिशात ओतला जाणारा, वृत्तपत्री कागदावर दाबून छापण्यासाठी केलेला होता आणि त्याने आपले काम तीन-साडेतीन दशके चोख केले.

१९७० च्या दशकात यंत्रे बदलली. अक्षरे शिशाऐवजी कॅथोड किरणांच्या नळीवर ठिपक्याठिपक्यांनी उमटू लागली, त्यांची फिल्म होऊ लागली आणि छपाई वेगवान ऑफसेट यंत्रांवर गेली. आता अक्षराचा दाब कागदात उतरत नव्हता. शिशाचा खिळा कागदावर दाबला की शाई कडेने थोडी पसरते आणि रेघ मूळ आराखड्यापेक्षा जाड दिसते. ग्रिफिथ यांच्या टाइपात हे वाढणे गृहीतच धरलेले होते. दाब गेला, वाढ गेली आणि रेघा केसासारख्या बारीक होऊन मध्येच तुटू लागल्या.

अशा वेळी छापखान्यातील माणूस काय करील? त्याने शाई वाढवली. म्हणजे यंत्रावरच ‘ठळक करा’ हा हुकूम अमलात आला. परिणाम असा झाला की, जेथे रेघ मुळातच तुटली होती तेथे ती तुटलेलीच राहिली आणि जेथे दोन रेघा एकमेकींना मिळतात त्या सांध्यांत शाई साचून काळे डाग पडले. एकाच ओळीत काही अक्षरे फिकट आणि काही गिचमिड. इंग्रजी अंकांतला तीन आठासारखा दिसू लागला, पाच सहासारखा. क्रमांक चुकला की माणूस चौकशी विभागाला फोन करतो, आणि चौकशीचा प्रत्येक फोन म्हणजे कंपनीच्या ऑपरेटरचा वेळ, पर्यायाने पैसा. तेव्हा कंपनीची तक्रार अक्षरांच्या सौंदर्याविषयीची नव्हती, ती हिशेबाची होती. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे तक्रार नेमकी झाली.

नवा टाइप करण्याचे काम मर्गेंथेलर लायनोटाइप कंपनीसाठी काम करणारे मॅथ्यू कार्टर यांच्याकडे आले. कंपनीच्या अपेक्षा साधारण अशा होत्या. अक्षर सहा पॉइंटाच्या आसपासच राहिले पाहिजे. ते स्वस्त कागदावर, वेगवान यंत्रावर स्वच्छ उमटले पाहिजे. एका ओळीत पूर्वीपेक्षा अधिक मजकूर मावला पाहिजे, म्हणजे पत्त्यांची संक्षिप्त रूपे कमी करावी लागतील आणि एक नोंद दोन ओळींत जाणार नाही. आणि चौकशीचे फोन कमी झाले पाहिजेत. जागा कमी घ्या आणि स्पष्टता वाढवा, असा हा उलटसुलट आग्रह होता. मात्र अक्षर जाड करा की उभट करा, हे कोणी सांगितले नव्हते. काय घडायला हवे एवढेच सांगितले होते.

कार्टर यांनी आलेख-कागदावर चौकटी भरून एकेक अक्षर ठिपक्याठिपक्याने बांधले. कोणता ठिपका भरायचा आणि कोणता सोडायचा, हे हाताने ठरवले. अक्षरांची पोटे त्यांनी मोकळी ठेवली, छोट्या अक्षरांची उंची वाढवली. आणि मुख्य गोष्ट ही की, जेथे दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यांतून त्यांनी काळेपणा काढून घेतला. तेथे खोल खाचा ठेवल्या. छापताना जादा शाई त्या खाचांत जाऊन बसते, खाच भरून निघते आणि वाचणाऱ्याला कोपरा सरळ, काटेकोर दिसतो. शाई साचते ही तक्रार होती. तिला शाई साचण्यासाठी जागा करून देणे हे उत्तर होते. शिवाय एकच टाइप सर्वत्र न वापरता त्यांनी कामानुसार चार वळणे केली : नाव व क्रमांक यांसाठी एक, पत्त्यासाठी दुसरे, उपनोंदींसाठी तिसरे आणि ठळक नोंदींसाठी चौथे. म्हणजे ‘ठळक’ हा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. डोळा जेथे आधी जायला हवा तेवढ्यापुरताच तो वापरला.

हा टाइप १९७८ मध्ये, पहिल्या सूचीच्या शताब्दीच्या वर्षी, पुरा झाला म्हणून त्याचे नाव ‘बेल सेंटेनियल’. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. तो मोठ्या आकारात पाहिला तर उंदराने कोपरे कुरतडल्यासारखा दिसतो. हाच आराखडा फूटभर उंचीचा करून आपल्या एखाद्या बैठकीत ठेवला असता तर काय झाले असते, याची कल्पना करा. ‘अहो, हे अक्षर अर्धवट राहिले आहे,’ असा शेरा पडून तो परत गेला असता. आता पुष्कळ चित्रकार हा टाइप भित्तिपत्रकांवर मोठ्या आकारात मुद्दाम वापरतात, त्या खाचा शोभिवंत दिसतात म्हणून. गरजेपोटी केलेली गोष्ट पुढे अलंकार होते, हे आपल्या दागिन्यांच्या आणि वस्त्रांच्या बाबतीतही घडले आहे. असो.

दूरध्वनी कंपनीची गोष्ट सांगितली की सहकारी म्हणतात, ‘त्यांचे ठीक आहे, एक ग्राहक, एक हिशेब. आमच्याकडे समिती असते.’ तर समितीचेही एक उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये मोटाररस्ते बांधायला घेतले तेव्हा त्यांवरील फलकांसाठी १९५७ मध्ये सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचे आरेखक जॉक किनीर आणि त्यांच्या एकेकाळच्या विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट. जर्मन रस्त्यांवर वापरले जाणारे अक्षरच घ्यावे, असा विचार समितीत होता. या दोघांना ते रुक्ष वाटले. त्यांनी समितीची गरज मान्य केली, अक्षर मात्र नवे काढले आणि गावांची नावे सरसकट मोठ्या लिपीत न लिहिता छोट्या लिपीत लिहिली, कारण छोट्या लिपीत शब्दाला वरखाली होणारी आकृती येते आणि ती दुरून ओळखू येते. १९५८ च्या डिसेंबरात प्रेस्टनच्या वळणरस्त्यावर हे फलक प्रथम लागले.

त्यावर टीका झाली. डेव्हिड किंडर्सली नावाच्या नामवंत अक्षरकोरक्यांनी मोठ्या लिपीतले स्वतःचे अक्षर पुढे केले. तेव्हा बेन्सनच्या विमानतळावर चाचणी घेण्यात आली. माणसे ओळीने बसवली, गाडीच्या टपावर फलक बांधले आणि गाडी त्यांच्या दिशेने चालवत आणून नाव केव्हा वाचता येते याची नोंद केली. गंमत अशी की किंडर्सलींचे अक्षर किंचित आधी वाचले गेले. पण अंतर इतके थोडे होते की निर्णय दिसण्यावर आणि एकूण रचनेवर झाला, आणि तो किनीर-कॅल्व्हर्ट यांच्या बाजूने लागला. १ जानेवारी १९६५ पासून त्यांचीच फलकपद्धती तेथील इतर रस्त्यांवरही लागू झाली. किंडर्सलींवर अन्याय झाला असे कोणी म्हणू शकेल. माझे लक्ष मात्र त्या गाडीच्या टपावरील फलकाकडे जाते. मतभेद झाला तेव्हा त्यांनी अक्षर टेबलावरून उचलून रस्त्यावर नेले.

हे सारे रोमन लिपीविषयी झाले. आपली देवनागरी अधिक नाजूक प्रकरण आहे. रोमन अक्षर एका ओळीत उभे राहते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. म्हणजे प्रत्येक ओळ तीन मजली. जुन्या छापखान्यांत जुळाऱ्यांसमोर खिळ्यांचे जे अफाट घर असे, त्याचे कारण हेच. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले आणि १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून देवनागरी खिळ्यांचे वळण सुधारण्याचे आणि त्यांची संख्या आवरण्याचे प्रयत्न चालू आहेत. लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी यात लक्ष घातले होते. या सर्व इतिहासासाठी बापूराव नाईक यांचा तीन खंडांतील इंग्रजी ग्रंथ पाहावा. तो १९७१ मध्ये आपल्याच भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडला असावा.

यंत्राची सोय आणि वाचकाची सवय यांचा संघर्ष किती टोकाला जातो, हे १९५३ च्या लखनौ लिपिपरिषदेत दिसले. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, तिने टंकलेखन आणि जुळणी अडते, म्हणून ती उजवीकडे, दीर्घ वेलांटीपेक्षा आखूड दांडीची करून लिहावी असे ठरले. कागदावर निर्णय निर्दोष होता. पण वाचणाऱ्याला ऱ्हस्व कोणती आणि दीर्घ कोणती, हे दांडीची लांबी मोजून ओळखावे लागू लागले. १९५७ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. पुढे यंत्रेच अशी आली की त्या सुधारणेची गरजच उरली नाही. आज संगणक वेलांटी स्वतः जागेवर बसवतो. लाखो वाचक जेव्हा एकाच ठिकाणी अडखळतात, तेव्हा तोही ग्राहकाचा अभिप्रायच असतो. तो टिपणीवर येत नाही इतकेच.

आता आपल्या कचेरीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी जनावरांच्या लसीकरणाचे एक हस्तपत्रक तयार होत होते. मजकूर भरपूर, कागद लहान. संबंधित अधिकाऱ्यांनी पहिला आराखडा पाहून ‘मजकूर वाचवत नाही, ठळक करा’ असे लिहिले. ठळक झाला. दुसऱ्यांदा ‘अजून मोठा करा’ असे लिहिले. मोठा झाला आणि अधिकच वाचेनासा झाला. तिसऱ्या खेपेला चित्रकार स्वतः आले. वयाने ज्येष्ठ, बोलणे कमी. ते म्हणाले, ‘साहेब, वाचता कुठं येत नाही, तेवढं बोट ठेवून दाखवा.’ साहेबांनी बोट ठेवले. पाहतो तो वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला होता. दुसरीकडे रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले होते. अक्षर लहान नव्हतेच. ओळी दाटीने बसल्या होत्या, आणि अक्षर जितके मोठे होत गेले तितकी दाटी वाढत गेली. चित्रकारांनी दोन अनावश्यक वाक्ये गाळण्याची परवानगी मागितली, अक्षर अर्ध्या पॉइंटाने लहान केले आणि ओळींमधले अंतर वाढवले. साहेबांनी आराखडा पाहिला आणि म्हणाले, ‘आता कसं मोठं केलंत!’ चित्रकारांनी त्यांना काही सांगितले नाही, आणि मीही सांगितले नाही.

दाट छपाईत पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा. आपल्याकडे हा ठिपका किती मोठे काम करतो, ते पाहा. ‘खालील तालुक्यात योजना लागू आहे’ आणि ‘खालील तालुक्यांत योजना लागू आहे’. एक टिंब बुजले की सात तालुक्यांचा एक तालुका होतो. ‘गावात’ आणि ‘गावांत’, ‘शेतकऱ्यास’ आणि ‘शेतकऱ्यांस’ यांचेही तसेच. ठळक वळणात शिरोरेघ जाड होते, ठिपका तिला चिकटतो आणि दुरून नाहीसा होतो. तीच गत जोडाक्षरांची आणि पोट असलेल्या अक्षरांची : ‘ब’ची तिरपी रेघ बुजली की ‘व’ होतो, ‘ष’ची बुजली की ‘प’. ज्या योजनेचा अर्ज भरायचा तिच्या नावातच असा घोटाळा झाला तर कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो. दूरध्वनी कंपनीला चौकशीच्या फोनचा खर्च मोजता येत होता. आपल्याकडे हा खर्च लोकांच्या हेलपाट्यांत जातो, म्हणून तो आपल्या हिशेबात दिसत नाही.

मराठीच्या खास गरजाही टाइप करणाऱ्याला सांगाव्या लागतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक समुद्र, दुसरा डोंगरातला. दुसऱ्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या टाइपात तो बेढब असतो किंवा नसतोच. हे मराठी माणसाने सांगितल्याखेरीज दुसऱ्या प्रांतातल्या आरेखकाला कळणार कसे? ‘ल’ आणि ‘श’ यांच्या रूपांचाही वाद जुना आहे. २००९ च्या नोव्हेंबरातील शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणाची रूपे प्रमाण ठरवली. तरीही आपल्या कितीतरी पत्रकांत दांडीचा ‘ल’ दिसतो, कारण संगणकात जो टाइप आयता मिळाला तो आपण वापरला आणि अभिप्राय देताना फक्त आकार पाहिला.

अलीकडे एक नवीच अडचण आली आहे. आराखडा आता भ्रमणध्वनीवर येतो आणि अभिप्रायही तेथूनच जातो. चार इंचांच्या पडद्यावर एस. टी. स्थानकासाठीचे सहा फुटी फलक पाहून ‘अक्षर लहान वाटते’ असे लिहिणे आणि फलकासाठी केलेले अक्षर पडद्यावर छान दिसते म्हणून हस्तपत्रकासाठी मंजूर करणे, दोन्ही सारखेच व्यर्थ. जे जेथे लागणार तेथे, त्या कागदावर आणि त्या अंतरावरून पाहिल्याखेरीज अभिप्राय देऊच नये असे माझे मत आहे. वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. पण तीन फेऱ्यांना लागणारा वेळ एका फेरीला लागत नाही.

चित्रकार बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. ग्राहकाच्या शेऱ्याने नाराज होऊन तो जसाच्या तसा अमलात आणणे, हा एक प्रकारचा असहकारच आहे. ‘तुम्हीच सांगितले होते’ असे पुढे म्हणता यावे म्हणून केलेली दुरुस्ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्या ज्येष्ठ चित्रकारांप्रमाणे बोट ठेवायला सांगा. शक्य असेल तेथे मुद्रित घेऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जा, चष्मा न लावणाऱ्या एखाद्या आजोबांना ते मोठ्याने वाचायला सांगा आणि ते जेथे थांबतात तेथे पेन्सिलीने खूण करा. आजोबा ‘ठळक करा’ म्हणणार नाहीत. ते नुसते थांबतील.

आपल्या पुढच्या तासासाठी मागच्या टेबलावर बारा पत्रकांची मुद्रिते ठेवली आहेत. त्यांतली सहा वृत्तपत्री कागदावर आहेत, सहा गुळगुळीत कागदावर. मजकूर आणि टाइप दोन्हींत तेच आहेत. चहा घेऊन झाल्यावर प्रत्येकाने दोन्ही नमुने आधी हातात धरून आणि मग भिंतीला लावून दहा पावलांवरून पाहावेत. काय वाचता आले नाही एवढेच लिहावे. काय करावे, ते तूर्त लिहू नये.